सायप्रसची सत्तावाटणी: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही सायप्रस या बेटाच्या, १९६० मध्ये ब्रिटिशांपासून स्वतंत्र होताना बनलेल्या राज्यघटनेची तोंडओळख करून दिली होती. ग्रीक आणि तुर्की समाजांनी एकत्र राज्य करावं म्हणून बनवलेली ही घटना साडेतीन वर्षंही टिकली नाही. आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न 'का टिकली नाही?' याच्याच भोवती आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: सगळीकडे '७०:३०' एवढंच वाचायला मिळतं. कुणाला नेमकं काय मिळालं होतं?

सत्तर-तीसचं प्रमाण मुख्यतः या ठिकाणी होतं: प्रतिनिधीगृहाच्या ५० जागा (३५ ग्रीक, १५ तुर्की), सरकारी नोकऱ्या आणि पोलीस दल. सैन्य २,००० जणांचं ठरलं होतं आणि त्यात प्रमाण ६०:४० होतं. मंत्रिमंडळात पुन्हा सत्तर-तीसच: ७ ग्रीक आणि ३ तुर्की मंत्री. परराष्ट्र, संरक्षण आणि अर्थ यांपैकी एक खातं तुर्की मंत्र्याकडे असायलाच हवं, अशी अट. राष्ट्राध्यक्ष ग्रीक आणि उपाध्यक्ष तुर्की, दोघांची मुदत ५ वर्षं. आर्चबिशप मकारिओस पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, डॉ. फाझिल कुचुक उपाध्यक्ष. शिक्षण, धर्म, संस्कृती, विवाहासारख्या वैयक्तिक बाबी हे विषय सरकारकडे नव्हतेच. त्यासाठी दोन्ही समाजांच्या स्वतंत्र सभा होत्या.

त्या वेळी बेटावर साधारण ७७ टक्के ग्रीक आणि १८ टक्के तुर्की लोक होते. १८ टक्क्यांना ३० टक्के नोकऱ्या का, हा ग्रीक बाजूचा पहिल्या दिवसापासूनचा सल. पण आमच्या मते भांडणाचं मूळ आकड्यांत नव्हतं. वाटा थोडा कमी-जास्त झाला म्हणून सरकार मोडत नाही. खरी मेख होती ती अडवण्याच्या अधिकारांत.

ते अधिकार दोन प्रकारचे होते. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि सुरक्षा या विषयांवर राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोघांनाही स्वतंत्र नकाराधिकार होता. शिवाय कर, नगरपालिका आणि निवडणूक कायदा या तीन विषयांवर प्रतिनिधीगृहात दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचं वेगवेगळं बहुमत लागे. समजा सगळे ५० जण हजर आहेत, ३५ ग्रीक आणि ७ तुर्की सदस्यांनी बाजूने मत दिलं आणि ८ तुर्की सदस्यांनी विरोधात. ४२ विरुद्ध ८, तरी विधेयक पडलं.

आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. ग्रीक उमेदवाराला फक्त ग्रीक मतदार निवडत, तुर्की उमेदवाराला फक्त तुर्की. म्हणजे निवडून येण्यासाठी पलीकडच्या एकाही माणसाचं मन वळवायची गरज कुणाला नव्हती. पलीकडच्यांशी कडक वागलं की आपल्या मतदारांत वजन वाढे.

प्रश्न: पण नकाराधिकार तर इतर देशांतही असतात. मग इथेच गाडी का रुतली?

कारण अडवल्यानंतर पुढे काय, याचं उत्तर घटनेत नव्हतं. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं करांचं. ब्रिटिश काळातले कर कायदे थोड्याच मुदतीसाठी चालू ठेवले होते. ३१ मार्च १९६१ ला मुदत संपत होती. नोकऱ्यांतलं ७०:३० प्रमाण सरकार टाळतंय असं तुर्की सदस्यांचं म्हणणं होतं आणि दबाव आणण्यासाठी त्यांच्या हातात हे एकच साधन होतं. त्यांनी मुदतवाढ अडवली. नवा कायदा होईपर्यंत जुने दर आपोआप लागू राहतील, असं एक वाक्य घटनेत असतं तर प्रश्न एवढा चिघळला नसता. ते नव्हतं. मकारिओस यांनी अधिकाऱ्यांना वसुली चालूच ठेवायला सांगितलं. म्हणजे ज्या अधिकाराने तुर्की बाजू स्वतःला सुरक्षित समजत होती, तो वापरूनही उपयोग होत नाही हे त्यांना दिसलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्राप्तिकराचं विधेयकही वेगळ्या बहुमताअभावी पडलं. दोन्ही बाजू आपापल्या दृष्टीने बरोबर होत्या, हे या प्रकरणातलं सर्वांत वाईट.

दुसरं सैन्याचं. घटनेत संख्या होती, प्रमाण होतं. पण तुकड्या मिश्र असाव्यात की वेगळ्या, हे लिहिलेलं नव्हतं. मकारिओस यांना अगदी खालपर्यंत मिश्र तुकड्या हव्या होत्या. कुचुक यांचं म्हणणं, भाषा आणि धर्म वेगळे असल्याने निदान कंपनीच्या पातळीवर तरी वेगळ्या असू द्या. मिश्र सैन्याचा निर्णय ऑक्टोबर १९६१ मध्ये झाला आणि कुचुक यांनी तो नकाराधिकाराने रोखला. त्यावर मकारिओस म्हणाले, मग सैन्यच नको. नकाराधिकाराने एक योजना थांबवता येते, दुसरी उभी करता येत नाही. घटनेतलं मिश्र सैन्य कागदावरच राहिलं आणि दोन्ही समाजांतल्या गुप्त सशस्त्र संघटना मात्र भरती आणि कवायत करत राहिल्या.

तिसरं नगरपालिकांचं, आणि सरकारला सगळ्यांत जास्त भोवलं ते हेच. राजधानी निकोसिया, लिमासोल, फामागुस्ता, लार्नाका आणि पाफोस या पाच शहरांत ग्रीक आणि तुर्की नगरपालिका वेगळ्या असाव्यात असं घटनेत होतं. चार वर्षांत राष्ट्राध्यक्ष-उपाध्यक्षांनी मिळून ही पद्धत ठेवायची की नाही ते ठरवायचं होतं. हद्द कुठून कुठे, हेच ठरेना. गल्ल्या एकमेकांत मिसळलेल्या, दुकानं एका समाजाची, वरची घरं दुसऱ्याची. जुन्या कायद्याला मुदतवाढ देत देत ३१ डिसेंबर १९६२ उजाडला आणि तो कायदा संपला. मंत्रिमंडळाने नगरपालिकांच्या जागी सुधारणा मंडळं नेमली; तुर्की सभेने स्वतःचा नगरपालिका कायदा केला. २५ एप्रिल १९६३ ला घटनात्मक न्यायालयाने दोन्ही रद्द ठरवले. त्या न्यायालयात एक ग्रीक, एक तुर्की आणि अध्यक्षस्थानी परदेशी तटस्थ न्यायाधीश अशी रचना होती. ते तटस्थ न्यायाधीश जर्मनीचे अर्न्स्ट फोर्स्टहॉफ. दोन्ही निकालांत निर्णायक मत त्यांचंच ठरलं आणि त्याच वर्षी त्यांनी राजीनामा दिला. आता पाच शहरांत कायदेशीर नगरपालिका नव्हती आणि वाद सोडवणारं न्यायालयही पांगळं झालं होतं.

प्रश्न: मकारिओस यांनी घटना बदलण्यासाठी मांडलेल्या १३ मुद्द्यांत काही कलमं रास्त वाटतात. मग एवढा भडका का उडाला?

काही रास्त होतीच. शहराला एकच नगरपालिका असावी, समाजानुसार न्यायालयं वेगळी नसावीत, हे कुणीही शांतपणे बसून मान्य केलं असतं. पण ३० नोव्हेंबर १९६३ ला दिलेल्या त्याच यादीत दोघांचा नकाराधिकार काढणं, वेगळं बहुमत काढणं आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देणं हेही होतं. राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या नकाराधिकाराची गरज कमीच होती, मंत्रिमंडळात त्यांच्या बाजूचे सात मंत्री होते. तुर्की बाजू मात्र ज्या तरतुदींच्या भरवशावर या राज्यात आली होती, त्या सगळ्या एका दमात जाणार होत्या. त्यातल्या काही तरतुदी घटनेने 'मूलभूत' ठरवल्या होत्या. त्या बदलण्याची सोयच नव्हती. शिवाय त्यांना ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांच्या हमी कराराचं कवच होतं. तुर्कस्तानने मुद्दे फेटाळले. २१ डिसेंबरला निकोसियात गोळीबार झाला, हिंसा पसरली आणि ३० डिसेंबरला ब्रिटिश अधिकारी पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. शहराचे ग्रीक आणि तुर्की भाग वेगळे करणारी तीच 'ग्रीन लाइन'.

नगरपालिका आणि न्यायालयं एवढे दोनच विषय घेऊन, बदल्यात नोकऱ्यांचं प्रमाण ठरल्याप्रमाणे पूर्ण करून, बोलणी सुरू केली असती तर वेगळं घडू शकलं असतं असं आम्हाला वाटतं. अर्थात दोन्हीकडे असे गट होते ज्यांना हे राज्य टिकायलाच नको होतं: एकांना ग्रीसशी विलीनीकरण हवं होतं, दुसऱ्यांना फाळणी. घटनेच्या १८५ व्या कलमाने दोन्ही गोष्टींना मनाई होती, पण मनाई लिहून माणसांची मनं बदलत नाहीत.

प्रश्न: बेटावर मॅरोनाइट आणि आर्मेनियन लोकही आहेत. त्यांचं काय?

घटनेने दोनच समाज मानले. मॅरोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन या छोट्या धार्मिक गटांना त्यांतला एक निवडावा लागला. तिघांनी ग्रीक समाज निवडला. आज त्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी संसदेत बसतो, पण त्याला मताधिकार नाही.

प्रश्न: ती घटना आज लागू आहे का? असेल तर तुर्की उपाध्यक्ष कुठे आहे?

लागू आहे, आणि पद रिकामं आहे. १९६३-६४ च्या हिंसाचारात तुर्की मंत्री आणि प्रतिनिधी सरकारातून बाहेर पडले. ते स्वतःहून गेले की त्यांना बाहेर ठेवलं, यावर दोन्ही बाजूंचं आजही एकमत नाही. मार्च १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १८६ क्रमांकाच्या ठरावाने शांतिसेना आली आणि त्याच ठरावात उरलेल्या सरकारला 'सायप्रसचं सरकार' म्हटलं गेलं. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'निकडीचा सिद्धांत' मान्य केला: तुर्की सदस्यांशिवाय घटनेची अट पाळणं अशक्य आहे, पण राज्य थांबू शकत नाही, म्हणून आवश्यक तेवढे कायदे त्यांच्याविना करता येतील. तात्पुरती म्हणून काढलेली ही वाट साठ वर्षांनंतरही वापरात आहे.

१९८५ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या जागा ८० केल्या: ५६ ग्रीक, २४ तुर्की. त्या २४ जागा आजतागायत भरलेल्या नाहीत. १९७४ पासून बेटाचा उत्तर भाग तुर्की बाजूकडे आणि दक्षिण भाग ग्रीक बाजूकडे आहे. दक्षिणेत राहणाऱ्या तुर्की नागरिकांना तर मतच देता येत नव्हतं, कारण त्यांची मतदारयादी वेगळी आणि ती यादीच अस्तित्वात नाही. २००४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अझिझ खटल्यात याबद्दल सायप्रसला दोषी धरलं, मग २००६ मध्ये कायदा बदलला.

प्रश्न: 'एक होकारार्थी मत' म्हणजे काय? तो नकाराधिकारच झाला ना, फक्त नाव वेगळं?

दिसतो तसाच, पण फरक मोठा आहे. ही कल्पना २००४ च्या अन्नान योजनेत ठळकपणे आली, म्हणजे दोन घटक राज्यांचं (एक ग्रीक, एक तुर्की) संघराज्य करून बेट पुन्हा एकत्र आणायच्या संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत. त्या योजनेत एका राष्ट्राध्यक्षाऐवजी मतदान करणाऱ्या सहा सदस्यांची अध्यक्षीय परिषद होती, दोन्ही घटक राज्यांना किमान एक तृतीयांश जागा. एकमत झालं नाही तर साधं बहुमत, पण त्या बहुमतात प्रत्येक घटक राज्याचा निदान एक सदस्य हवा.

आता ७ ग्रीक आणि ४ तुर्की मंत्र्यांचं मंत्रिमंडळ डोळ्यांसमोर आणा. बहुमताला ६ मतं लागतात. सातही ग्रीक मंत्री बाजूने आहेत, चारही तुर्की विरोधात, तर ठराव पडला. पण चारांतला एक जरी पटवता आला तरी ठराव मंजूर. १९६० मध्ये नकार एकाच माणसाच्या हातात होता. तो अडला की सारं अडलं. इथे अडवायला चौघांना एकजूट राहावं लागतं. चौघं वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर ही पद्धत चालते. चारही एकाच पक्षाचे असतील, किंवा बाहेरून आदेश येत असेल, तर मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं.

ग्रीक बाजूचा आक्षेप या अटीच्या व्याप्तीवर आहे. समाजाच्या अस्तित्वाशी संबंधित निर्णयांपुरती अट त्यांना मान्य होते. बंदराच्या निविदेपासून प्रत्येक बारीकसारीक निर्णयाला ती लावली तर काम ठप्प होईल, असं ते म्हणतात.

अन्नान योजनेत कोंडी फोडायचीही सोय होती. निर्णय झाल्याशिवाय राज्य चालूच शकत नाही अशी वेळ आली तर सर्वोच्च न्यायालय अंतरिम निर्णय देणार होतं. न्यायालयात ३ ग्रीक, ३ तुर्की आणि ३ परदेशी न्यायाधीश. १९६० मध्ये जे राहून गेलं ते इथे भरून काढलं होतं, पण किंमत अशी की तिढ्याच्या वेळी तीन परक्या माणसांकडे देशाचा निर्णय जाणार. २४ एप्रिल २००४ च्या सार्वमतात तुर्की बाजूने सुमारे ६५ टक्के होकार दिला, ग्रीक बाजूने सुमारे ७६ टक्के नकार. नकारामागे परदेशी फौजा, जमिनींची मालकी आणि तुर्कस्तानातून आलेल्या वसाहतींचे प्रश्न अधिक होते, तरी ही न्यायालयाची तरतूदही लोकांना खुपली.

प्रश्न: फिरतं अध्यक्षपद आणि 'भारित' मतदान यांचं गणित समजावून सांगाल का?

ग्रीक बाजूचे नेते क्रिस्तोफियास आणि तुर्की बाजूचे नेते तलात यांच्या २००८ नंतरच्या बोलण्यांत हे पुढे आलं. अध्यक्षपद आळीपाळीने, ग्रीक नेत्याकडे दोन हिस्से काळ आणि तुर्की नेत्याकडे एक. पण फिरतं पद एवढ्यानेच भागत नाही. तुर्की अध्यक्षाला फक्त तुर्की मतदारांनी निवडलं, तर आधी सांगितलेला दोष कायम राहतो. म्हणून दोघांच्याही निवडीत पलीकडच्या समाजाला थोडं मत द्यायचं.

सोपे, केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ: ४ लाख ग्रीक मतदार, १ लाख तुर्की मतदार, आणि पलीकडच्यांचं वजन एकूण मतांच्या २० टक्के ठरलंय. ग्रीक उमेदवाराच्या निवडीत ४ लाख अधिक १ लाख. तुर्की मतं आपसूक २० टक्के होतात, काही करावं लागत नाही. तुर्की उमेदवाराच्या निवडीत मात्र ४ लाख ग्रीक मतं जशीच्या तशी मोजली तर १ लाख तुर्की मतं बुडून जातील. ग्रीक मतं २० टक्क्यांवर आणायची तर त्या ४ लाख मतांचं वजन २५ हजार धरावं लागतं, म्हणजे एक ग्रीक मत सोळाव्या हिश्शाचं. ग्रीक मतदाराला हा अपमान वाटतो. तुर्की नेत्यांना वेगळी भीती: त्यांच्या समाजात चुरशीची लढत झाली तर त्या २० टक्क्यांनी पारडं फिरू शकतं. पारडं फिरावं हाच हेतू आहे, कारण मग कुणालाही पलीकडच्यांना शिव्या देऊन निवडून येणं परवडत नाही. आजवरच्या सगळ्या सूचनांत आम्हाला हीच सर्वांत मोलाची वाटते.

प्रश्न: उत्तर आयर्लंडची पद्धत सायप्रसला का लावत नाहीत?

काही भाग लावता येईल. तिथे मंत्रिपदं वाटाघाटींनी ठरत नाहीत, 'डोंट' पद्धतीने ठरतात: पक्षाच्या जागांना १, २, ३ अशा आकड्यांनी भागत जायचं आणि मोठ्या भागाकारानुसार खातं निवडायचं. २०२२ च्या निकालात पक्षांच्या जागा अशा: शिन फेन २७, डीयूपी २५, अलायन्स १७, यूयूपी ९. सात खात्यांसाठी भागाकार आले २७, २५, १७, १३.५, १२.५, ९ आणि ९. म्हणून शिन फेन ३, डीयूपी २, बाकी दोघांना प्रत्येकी १. कुणी रुसलं तरी वाटप थांबत नाही, ही त्यातली चांगली बाजू.

पण शिखरावर तोच जुना दोष आहे. प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री यांची सत्ता सारखी असते आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं. त्यामुळे २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ सरकार बंद राहिलं. तेव्हा लंडनचं सरकार आणि स्थानिक सचिव मिळून गाडा ओढत राहिले. सायप्रस हे सार्वभौम राज्य आहे. तिथे सरकार बंद पडलं तर वरून सांभाळणारं कुणी नाही.

प्रश्न: आज दोन्ही समाज मिळून चालवतात असं काही आहे का?

आहे. निकोसियाचं सांडपाणी. शहराचा उतार ईशान्येकडे आहे, त्यामुळे दोन्ही भागांचं पाणी उत्तरेतल्या मिया मिलिया येथील केंद्राकडेच जातं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस लेल्लोस दिमित्रियादिस आणि मुस्तफा अकिन्जी या शहराच्या दोन बाजूंच्या प्रमुखांनी हे जमवलं. एकमेकांच्या पदांना मान्यता द्यायची नव्हती, म्हणून दोघं 'समाजाचे प्रतिनिधी' म्हणून बसले आणि मध्यस्थी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने केली. पुढे तिथे युरोपीय संघाच्या मदतीने दिवसाला ३०,००० घनमीटर क्षमतेचं नवं केंद्र उभं राहिलं.

बेपत्ता व्यक्तींची समितीही अशीच. एक ग्रीक, एक तुर्की आणि एक रेड क्रॉसने सुचवलेला, संयुक्त राष्ट्रांनी नेमलेला सदस्य; निर्णय एकमताने. यादीत १,५१० ग्रीक आणि ४९२ तुर्की नावं होती. हजाराहून अधिक जणांची ओळख पटवून अवशेष कुटुंबांना दिले गेले. मृत्यू कसा झाला आणि दोषी कोण, हे समिती ठरवत नाही. ते आधीच कक्षेबाहेर ठेवलं म्हणून दोन्ही बाजूंना तिच्यात बसता आलं. ज्यांच्या घरचं माणूस त्या यादीत आहे, त्यांना मात्र हे अर्धंच उत्तर वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे.

प्रश्न: आता बोलणी कुठे आहेत?

जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंतानाची परिषद मोडली. सत्तावाटपावर तिथे बरंच अंतर कमी झालं होतं. अडलं ते मुख्यतः हमी करार आणि तुर्की सैन्यावर. त्या कराराच्या चौथ्या कलमानुसार तिन्ही देश एकत्र कारवाई करू शकले नाहीत तर प्रत्येकाला स्वतंत्र कारवाईचा हक्क राहतो, पण केवळ करारातली स्थिती परत आणण्यासाठी. १९७४ मध्ये ग्रीसच्या लष्करी राजवटीने घडवलेल्या उठावानंतर तुर्कस्तानने याच कलमावर बोट ठेवून सैन्य उतरवलं आणि बेटाच्या एक तृतीयांशाहून जास्त भागात ते आजही आहे. ग्रीक बाजूला हे कलम पूर्ण रद्द हवं. तुर्की समाजाला १९६३ आठवतं आणि ते सोडायची भीती वाटते.

२०२० ते २०२५ उत्तरेचे नेते एर्सिन तातार दोन स्वतंत्र राज्यांची मागणी करत होते, त्यामुळे सत्तावाटपावर बोलणंच नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुर्मान मोठ्या मताधिक्याने निवडून आले. नव्या बोलण्यांसाठी त्यांच्या चार अटी आहेत: फिरत्या अध्यक्षपदासह राजकीय समानता आधी मान्य करा, बोलण्यांना मुदत ठेवा, आधी जमलेल्या मुद्द्यांवर पुन्हा वाद नको, आणि ग्रीक बाजू टेबलावरून उठली तर तुर्की समाजाला पुन्हा आजच्याच स्थितीत ढकललं जाऊ नये. पहिल्या तिन्हींवर राष्ट्राध्यक्ष ख्रिस्तोदुलिदेस यांच्याशी घासाघीस होऊ शकते. चौथी सर्वांत अवघड, कारण 'आजची स्थिती नको' याचा अर्थ उत्तरेशी थेट व्यापार, थेट विमानं असा निघतो आणि ग्रीक बाजूला त्यात मागल्या दाराने मान्यता दिसते.